दयाळ ठरावीक महिनेच का गातो? हे हार्मोनमुळे होते का?

‘मार्चपासून रोज पहाटे आमच्या सोसायटीच्या टाकीवर बसून गाणारा दयाळ पक्षी पावसाळ्यानंतर गप्प होतो, ही सगळी हार्मोनची करामत का,’ असे आपण विचारले आहे. कोथरूडला माझ्या खिडकीसमोरही हाच क्रम दिसतो. उत्तर होकारार्थी असले, तरी हार्मोन वाढले की गाणे सुरू, इतके ते सरळ नाही.

पुण्यात डिसेंबरात सुमारे ११ तासांचा असलेला दिवस जूनपर्यंत १३ तासांवर जातो. पक्ष्यांना हा फरक प्रामुख्याने डोळ्यांनी नव्हे, तर कवटीतून झिरपून मेंदूच्या खोल भागातील प्रकाशसंवेदी पेशींपर्यंत पोहोचणाऱ्या उजेडामुळे कळतो. मग मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका (पिट्युटरी) ग्रंथीमार्फत वृषणांना संदेश जातो, ते कित्येक पटींनी वाढतात आणि रक्तात टेस्टोस्टेरॉन हे नरांचे मुख्य लैंगिक हार्मोन चढते. (आपल्याकडे पाऊस आणि किड्यांची उपलब्धता यांचाही वाटा असतोच.)

खरी गंमत पुढे आहे. कॅनरी या गाणाऱ्या पक्ष्याच्या नराच्या मेंदूत, प्रणयाची ओढ नियंत्रित करणाऱ्या एका लहानशा भागातच टेस्टोस्टेरॉन सोडले, तेव्हा तो भरपूर गाऊ लागला. पण गाण्याला सफाई आली नाही. ती येण्यासाठी हार्मोन मेंदूत इतरत्रही पोहोचावे लागते. म्हणजे गाण्याची इच्छा आणि गाण्याची तयारी या दोन वेगळ्या गोष्टी ठरतात. गवयांना हे सांगायला नकोच! पक्ष्यांच्या गाण्याचे अभ्यासक फर्नांडो नॉटेबोम यांनी १९८१ मध्ये दाखवले की, कॅनरीच्या मेंदूतील गायनकेंद्रे शरद ऋतूपेक्षा वसंतात बरीच मोठी असतात. शिवाय यातील काही टेस्टोस्टेरॉनचे मेंदूतच इस्ट्रोजेन, म्हणजे एरवी ‘बायकी’ समजले जाणारे हार्मोन, बनते, त्यामुळे त्याला निव्वळ ‘पुरुषी रसायन’ म्हणणे मला पटत नाही.

उलट दिशेनेही परिणाम होतो. पक्ष्यांच्या हार्मोनचे अभ्यासक जॉन विंगफील्ड आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये मांडलेल्या गृहीतकानुसार, प्रतिस्पर्ध्याने हद्दीत शिरून आव्हान दिले की नराचे टेस्टोस्टेरॉन वाढते. म्हणूनच वेताळ टेकडीवर मोबाइलवरून दयाळाचा आवाज वाजवून त्याला समोर आणणे मला निव्वळ खोडसाळपणा वाटतो.

मग हे हार्मोन कायम चढेच का राहत नाही? जुंको या अमेरिकी पक्ष्याच्या नरांना ते जादा दिल्यावर त्यांचे गाणे वाढले, वावराचे क्षेत्रही विस्तारले; पण पिल्लांना भरवणे कमी झाले. घरट्यात पिल्ले असताना बापाला गात बसणे परवडत नाही.