वीजप्रश्न : कोयना, सौर करार आणि जळणारी डीपी

प्रश्न : १९६० मेगावॅटची कोयना आमच्या उशाशी आहे, तरी शेतीच्या मोटारी रात्री दोनला का चालू कराव्या लागतात? (एक वाचक, पाटण)

१९६० हा आकडा यंत्रांचा आहे, पाण्याचा नाही. वीजनिर्मितीसाठी कोयनेचं पाणी पश्चिमेला वळवायला कृष्णा खोऱ्याचं पाणी राज्यांत वाटून देणाऱ्या कृष्णा लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसीची (अब्ज घनफुटांची) मर्यादा घातली आहे. सगळे संच चोवीस तास पळवले तर हा कोटा अडीच महिनेही पुरायचा नाही. म्हणून कोयना राखून वापरतात. संध्याकाळी मागणी चढली की काही मिनिटांत ती जोर धरते, औष्णिक संचाला ते जमत नाही. शेतीला दिवसा वीज द्यायची तर ती दिवसाच, उपकेंद्राजवळ तयार व्हायला हवी. सध्या सौर प्रकल्पांत पैसा येतोय तो त्यामुळेच.

प्रश्न : जत तालुक्यातली माझी ६ एकर मुरमाड जमीन सौर कृषी वाहिनीसाठी एक कंपनी भाड्याने मागते. द्यावी का? (एक शेतकरी)

पडीक असेल तर जरूर विचार करा, पण सही करायची घाई नको. शेतीला दिवसा सौर वीज देण्यासाठीच्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मध्ये भाड्याचा आधार हेक्टरी वर्षाला १,२५,००० रुपये आणि दरवर्षी ३ टक्के वाढ असा आहे. म्हणजे ६ एकरांचे पहिल्या वर्षी तीन लाखांच्या आसपास. वाढ सरळ की चक्रवाढ, हे करारात स्वच्छ लिहून घ्या. सरळ धरली तर २५व्या वर्षी हेक्टरी २,१५,००० होतात, चक्रवाढीने सुमारे २,५४,०००.

भाडं हेक्टरवर ठरवा, तयार होणाऱ्या विजेच्या युनिटवर नाही. ११ केव्ही वाहिनी बंद पडली की प्रकल्पाचे इन्व्हर्टर (पॅनेलची वीज वाहिनीजोगी करणारी यंत्रं) आपोआप बंद होतात, नाहीतर लाइनवर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवावर बेतेल. आपल्याकडे वाहिनी किती वेळा ट्रिप होते ते तुम्हीच जाणता! तेवढा वेळ वीज तयार होत नाही, तो तोटा तुमच्या माथी का?

एका मेगावॅटला चार-पाच एकर लागतात, तेव्हा तुमच्या रानात सव्वा-दीड मेगावॅट बसेल. उपकेंद्र किती लांब आहे आणि तिथल्या ट्रान्सफॉर्मरवर जागा आहे का, हे आधी विचारा. पॅनेल महिन्याभरात उभी राहतात, ती वीज घेणारं उपकेंद्र मात्र मागे राहतं. पैसा निर्मितीकडे धावतो आणि तारांवर खर्च करायला कुणी पुढे येत नाही, ही या क्षेत्राची जुनी खोड आहे.

सातबाऱ्यावर सोसायटीचा बोजा, सामाईक खातेदार किंवा भोगवटादार वर्ग २ (सरकारी परवानगीशिवाय हस्तांतर न होणारी जमीन) असेल तर ते आधी निस्तरा. कंपनीच्या बँकेचं कर्ज फक्त भाडेहक्कावर राहील, मालकीवर बोजा चढणार नाही, हे कलम हवंच. मुदत संपल्यावर रोवलेले खांब कोण उपटणार तेही लिहा. आणि करार दुय्यम निबंधकाकडे नोंदवा, नोटरी पुरेशी नाही.

प्रश्न : आमची ६३ केव्हीए क्षमतेची डीपी (मोटारींना वीज देणारा ट्रान्सफॉर्मर) दर हंगामात जळते. कारण? (एक वाचक, तासगाव)

बहुधा ऑटोस्विच, म्हणजे वीज येताच मोटार आपोआप चालू करणारं बटण. ६३ केव्हीएची डीपी फेजला ८४ अँपिअर पेलते. ५ एचपीची मोटार सुमारे ७.५ अँपिअर घेते, म्हणजे अकरा मोटारी झाल्या की डीपी भरली. सुरू होताना मोटार पाच-सहा पट करंट ओढते. वीज आली की ऑटोस्विचवरच्या सगळ्या एकाच क्षणी उठतात. फ्यूजच्या जागी जाड तार असेल तर ती तुटत नाही, डीपीची कॉइल जळते. ऑटोस्विच काढा, मोटारी अंतराने चालू करा, फ्यूजला योग्य तारच लावा. ५ एचपीच्या मोटारीला २ केव्हीएआर क्षमतेचा कपॅसिटर (मोटारीचा वाहिनीवरचा करंट कमी करणारं उपकरण) बसवला तर करंट सव्वासहाच्या आसपास उतरतो. जुना कपॅसिटर फुगला असेल तर तो कामातून गेलाय, बदला. इतकं करूनही मोटारी बारा-तेराच्या पुढे असतील तर सगळ्यांच्या सह्यांनिशी जास्त क्षमतेच्या डीपीसाठी अर्ज द्या. अर्जाला प्रत्येक जोडणीचा ग्राहक क्रमांक आणि एचपी जोडा. वीजचोरीसाठी तारेवर टाकलेले आकडे आधी निघाले पाहिजेत, नाहीतर मंजूर भाराचा हिशेबच जुळत नाही.