नवरा सहीच करत नाही

"मॅडम, तो सहीच करत नाही. मग मी अशीच अडकून राहायचं का?" (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

पिशवीतून तिने स्टँप पेपर काढला. वेगळं होण्याचा करारनामा: दागिने, सामान, पोटगी, सगळं टाइप केलेलं. तिची सही होती, त्याची जागा तीन वर्षं कोरी. दर दिवाळीत कुणीतरी काका-मामा तो कागद त्याच्याकडे न्यायचे आणि तसाच परत आणायचे.

मी म्हटलं, त्याने सही केली असती तरी घटस्फोट झाला नसता. ती गप्प झाली, मग खूप रडली. तीन वर्षं! हा गैरसमज इतक्या घरांत भेटतो की मला राग येतो. हिंदू विवाह कायद्याखालचं लग्न नोटरी केलेल्या कागदाने मोडत नाही. काही समाजांतली रूढीची काडीमोड कायदा मानतो, पण वाद झाला तर ती रूढीही सिद्ध करावी लागते. बाकीच्यांना कोर्टाचा हुकूमनामाच लागतो.

दोघांची संमती लागते ती कलम 13 ब च्या अर्जाला. एकाने नकार दिला तर कलम 13 आहे. तिथे सही नको, कारण आणि पुरावा हवा. नुसतं 'आमचं पटत नाही' चालत नाही. हिचं कारण होतं नवऱ्याचा संशय. तिच्या चारित्र्याबद्दल त्याने ऑफिसमधल्या लोकांना मेसेज पाठवले होते. असे बिनबुडाचे आरोप ही मानसिक क्रूरता आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 2003 मध्येच म्हटलंय. ते मेसेज तिने लाजेपोटी पुसून टाकले होते. सुदैवाने एका सहकारी बाईंनी जपले होते.

वकिलांनी ती राहते त्याच शहरात अर्ज केला, बायकोला तशी मुभा आहे. सोबत कलम 24 खाली अंतरिम पोटगीचाही. समन्स मिळूनही तो आला नसता तर खटला एकतर्फी चालला असता.

तो आला. कोर्टातल्या समुपदेशकांनी त्याला विचारलं, सही का नाही केलीत? बराच वेळ तो बोलला नाही. मग म्हणाला, "त्या कागदात मुलीला कधी भेटायचं याची एक ओळ नव्हती." खरंच नव्हती. करारनामा तिच्या भावाने करून घेतला होता आणि मीही तो वाचताना पोटगीवरच थांबले होते. त्याचा संशय, ते मेसेज यातलं काहीच याने माफ होत नाही. पण हे आधी कुणी विचारलंच नव्हतं.

भेटीचे रविवार ठरले. आता संमतीचा अर्ज दाखल झालाय, दुसरी तारीख व्हायची आहे. हुकूमनामा होईपर्यंत त्याला संमती मागे घेता येते, हे मी तिला सांगून ठेवलंय.

"घेऊ दे," ती म्हणाली. "मेसेजच्या प्रिंट वकिलांकडे आहेत."