उपाशी कुत्र्यांना एकदम पोटभर नको

प्रश्न : आमच्या निवाऱ्यात एकदम 40 हाडकुळी कुत्री आली. पोटभर खाऊ घातलं, तरी तिसऱ्या दिवशी दोन कोसळली. असं का?

उत्तर : पोटभर घातलं म्हणूनच. लांबलेल्या उपासमारीनंतर अचानक अन्न मिळालं की इन्सुलिन वाढतं, रक्तातलं फॉस्फरस पेशींत ओढलं जातं. झटके येतात, हृदयही बंद पडू शकतं. त्या दोघांना आत्ताच पशुवैद्यांकडे न्या.

बाकीच्यांना गरजेच्या पाव भागाने सुरुवात करा. 10 किलोच्या कुत्र्याला विश्रांतीत सुमारे 400 कॅलरी लागतात. म्हणजे पहिल्या दिवशी 100, दर सहा तासांनी 25. मग चार-पाच दिवसांत हळूहळू वाढवा. केविलवाण्या नजरेला भुलू नका!

पार्व्हो हा कुत्र्यांचा संसर्गजन्य विषाणू मारायला फरशी-पिंजऱ्यांवर 1 भाग ब्लीच, 32 भाग पाणी, 10 मिनिटं राहू द्या. आधी विष्ठा धुऊन काढा; घाणीवर ब्लीच निकामी ठरतं. कुत्र्यांच्या केसांच्या जटा मात्र कोरड्याच कापा, भिजल्या की आवळतात.