पाथरवटाच्या घरचा इतिहास कुठे शोधायचा? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रश्न : आमच्या घरी चार पिढ्या दगडकाम चालत आले. जाती, पाटे, उंबरे, जोत्याचे घडीव दगड. वडील आता ७७ वर्षांचे आहेत आणि माझ्यानंतर हे काम कोणी करणार नाही. पणजोबा खडकवासल्याच्या धरणावर होते असे घरात सांगतात. लिहिलेले म्हणावे तर एक जुनी वही, बाकी पोतंभर हत्यारे. घराण्याचा इतिहास लिहायचा तर सुरुवात कुठून करू?
– एक वाचक, हवेली तालुका

हत्यारांपासून करा. पोते वडिलांसमोर उपडे करा. ‘आपला इतिहास सांगा’ म्हटले तर दोन वाक्यांत आटोपेल. ‘ही छिन्नी कशाची?’ विचारा, तासभर बोलतील. बोलणे फोनवर रेकॉर्ड करा. प्रत्येक हत्याराला चिठ्ठी बांधा आणि तिच्यावर घरात वापरतात तेच नाव लिहा, पुस्तकी नको. घरात वडारी बोली असेल तर त्या बोलीतले नाव आधी.

आखूड झालेल्या छिन्न्या भंगारात देऊ नका. धार गेली की छिन्नी भट्टीत लाल करायची, ठोकून तोंड काढायचे, पाणी द्यायचे. दर खेपेला ती थोडी झिजते. वीतभर छिन्नी चार बोटांवर आली असेल तर तिने किती दगड घडवला असेल याचा अंदाज वडील सांगू शकतील. हातोड्याचे तोंडही पाहा. मध्ये खळगा पडलेला असतो आणि बहुधा एका बाजूला जास्त खोल, कारण प्रत्येकाचा घाव आपल्या कलाने पडतो. त्यावरून हातोडा कोणाच्या हातातला ते घरचे माणूस ओळखते.

पाणी देण्याची रीत मात्र शब्दन् शब्द उतरवून घ्या. लाल छिन्नीचे टोक इंचभर पाण्यात बुडवून काढतात आणि लगेच दगडावर घासून उजळतात. मागची उष्णता पुढे सरकते तसा उजळ टोकावर रंग चढतो : फिकट पिवळा, तपकिरी, जांभळा, निळा. हवा तो रंग आला की छिन्नी पुन्हा पाण्यात. फार लवकर, पिवळ्यावरच थांबवली तर धार कडक होते, पण काळ्या दगडावर टवका उडतो. निळा चढू दिला तर तोंड मुडपते. मधला कोणता रंग धरायचा हे पोलादावर, दगडावर आणि हत्याराच्या कामावर ठरते. तुमच्या घरी कोणता धरत, ते जगातल्या कुठल्याही दप्तरात मिळणार नाही. आमच्या मते तुमच्या इतिहासातले सर्वांत मोलाचे पान हेच.

आता वही. हिशोब नुसते आण्यांत असतील तर ते पान बहुधा १ एप्रिल १९५७ च्या आधीचे, कारण त्या दिवशी नवे पैसे आले. (काही जण नंतरही सवयीने आणे लिहीत, म्हणून एकाच पानावर भरवसा नको.) मजुरी ब्रासवर लिहिली असेल तर ते डबराचे, म्हणजे बांधकामाच्या दगडाचे काम. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, सुमारे २.८३ घनमीटर. जाती-पाटे नगावर लिहिलेले असतील. ही दोन कामे वेगळी मांडली की घरचा धंदा कोणत्या वर्षांत खाणीकडे झुकला आणि कधी बाजाराकडे, ते दिसू लागेल.

खडकवासल्याची गोष्ट सालांवर घासून पाहा. धरण बांधले गेले १८६९ ते १८७९ या काळात. वडील सुमारे १९४८ चे. एका पिढीला पंचवीस-तीस वर्षे धरली तर आजोबा १९२० च्या आसपासचे आणि पणजोबा १८९० च्या पुढेमागे. म्हणजे मूळ बांधकामावर पणजोबा असणे शक्य नाही. पण म्हणून ती आठवण खोटी ठरत नाही. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले, त्या लोंढ्यात खडकवासलाही फुटले आणि पुढे ते दुरुस्त केले गेले. आजोबा तेव्हा चाळिशीत होते. आठवण खरी आणि पिढी सरकलेली, असे घरोघरी घडते. उलट पणजोबा तरुणपणी भंडारदऱ्यावर असू शकतील. ते धरण १९१० मध्ये सुरू होऊन १९२६ ला पुरे झाले. वडिलांना धरणाचे नाव विचारू नका, ‘कामावर असताना राहायला कुठे होते, बाजार कुठल्या गावचा करत?’ असे विचारा. खरी जागा त्यातून कळते.

कागदांत पहिला शोध तहसीलच्या अभिलेख कक्षात, गाव नमुना १४ म्हणजे कोतवाल बुकाचा घ्या. जन्म-मृत्यूच्या या जुन्या नोंदी पुष्कळ ठिकाणी मोडी लिपीत आहेत, तेव्हा वाचणारा सोबत न्या. मग शाळेचे जनरल रजिस्टर आणि जमीन असेल तर जुने फेरफार. पाथरवट, वडार, बेलदार यांपैकी नोंदीत जो शब्द असेल तो जसाच्या तसा उतरवा, आजच्या समजुतीने सुधारू नका. घाट आणि देवळांच्या पायऱ्यांवर नाव सापडेल ही आशा मात्र कमी ठेवा. शिळेवर देणगीदाराचे नाव कोरलेले असते, ते कोरणाऱ्याचे क्वचितच.

प्रश्न : गावाजवळच्या बंद खाणीत आजोबांनी काम केले म्हणतात. खाण किती जुनी, हे दगडावरून कळते का?
– एक वाचक, जुन्नर

साल कळत नाही, पद्धत कळते. उभ्या कातळावर अर्धगोल, सरळ, एकसारख्या नळ्या दिसल्या तर तिथे यंत्राने भोके पाडली. छिन्नीने खणलेल्या चौकोनी खाचांची ओळ दिसली तर पाचर ठोकून दगड फाडण्याची हातपद्धत. सपाट पृष्ठावर समांतर वक्र रेघा असतील तर तो करवतीच्या चकतीने कापलेला, अगदी अलीकडचा. हातपद्धत यंत्र आल्यावरही टिकून होती, म्हणून खाचा दिसल्या की लगेच शंभर वर्षे मागे जाऊ नका. एकाच कातळावर वर खाचा आणि खाली नळ्या असतील तर खाण वरून खाली गेल्याने क्रमही कळतो. नळ्यांपर्यंत आजोबा होते का, एवढे घरी विचारा.

प्रश्न : आजीचा पाटा गुळगुळीत झाला आहे, चटणी वाटलीच जात नाही. टाकी लावणारे, म्हणजे टोकदार छिन्नीने टिंबे पाडून दगड पुन्हा खरबरीत करणारे, आता दारावर येत नाहीत. घरी लावता येईल का?
– एक वाचक, सातारा

येईल, घाई केली नाही तर. आधी पाटा आडवा टेकवून छोट्या हातोडीने हलकेच वाजवा. खणखणीत आवाज आला तर ठीक. बद्द आला तर आत तडा आहे, टाकी लावू नका, दोन तुकडे होतील.

पाटा ओल्या वाळूच्या पोत्यावर ठेवा, म्हणजे घावाला उसळणार नाही. टोकदार टाकी जवळजवळ उभी धरून हलके, सारखे घाव घाला. टिंबे तीन-चार मिलिमीटर अंतरावर, खोली एक-दीड मिलिमीटर. त्याहून खोल गेलात तर मसाला खळग्यात अडकून सडतो. कडेपासून दोन बोटे जागा सोडा, कारण काठावरचा घाव टवका काढतो. वरवंट्यालाही टाकी लावा, पण निम्म्या जोराने. पांढरे ठिपके असतील तिथे जपून. काळ्या दगडाच्या जुन्या पोकळ्यांत भरलेले ते खनिज मऊ असते आणि खपलीसारखे निघून खड्डा पडतो. नवा पाटा घेतानाही असे ठिपके नसलेला निवडा.

डोळ्यांना चष्मा, तोंडाला चांगला मास्क, आणि दगड ओला ठेवून काम करा. काळ्या दगडात गारेचा (क्वार्ट्झचा) अंश वालुकाश्म किंवा ग्रॅनाइटच्या मानाने कमी, तरी धूळ ती धूळ.

नंतर ताठ ब्रशने घासून धुवा. मूठभर भिजवलेले तांदूळ जाडे मीठ घालून वाटा आणि टाकून द्या. तिसऱ्या-चौथ्या खेपेला पीठ पांढरे येईल. बोटांत चोळून खर लागत नाही ना ते पाहा, मगच चटणी.

प्रश्न : नवे जाते आणले. पिठात खर येते आणि वरची तळी जड फिरते. दगड वाईट आहे का?
– एक वाचक, बेळगाव

बहुधा दगड चांगला असून तळ्या एकमेकींना घासत आहेत. दाणे पडतात त्या मध्यभागी थोडी फट हवी आणि ती काठाकडे कमी होत गेली पाहिजे. ही फट मधल्या खुंट्याच्या उंचीवर ठरते. खुंट्याखाली किंवा त्याच्या टोकावर पातळ चकती घालून वरची तळी केसभर उचला. भरड येऊ लागली तर चकती जास्त जाड झाली. तरीही एकाच जागी घासत असेल तर खालच्या तळीवर ओला गेरू फासून एक फेरा द्या. वरच्या तळीला जिथे रंग लागेल तेवढाच उंचवटा टाकीने उतरवा. रिकामे जाते कधीच फिरवू नका, दाणा नसला की दगड दगडाला खातो.