कॅफे ब्रुलोची, म्हणजे पेटत्या ब्रँडीत केलेल्या मसालेदार कॉफीची, ज्योत पेटतच नाही, असं का?

बहुतेकदा ब्रँडी थंड असते, म्हणून. पेटते ती वाफ, द्रव नव्हे. ४० टक्के अल्कोहोलची ब्रँडी साधारण २६ अंशांच्या वर गेली की काडी धरते. पण उकळू द्याल तर अल्कोहोल उडून जाईल आणि मग काही केल्या पेटणार नाही.

चार छोट्या कपांसाठी: ब्रँडी ९० मिली, साखर २ चमचे, दालचिनीचा एक तुकडा, ८-१० लवंगा, एका संत्र्याची अखंड सोललेली साल, थोडी लिंबाची साल. सालीमागचा पांढरा भाग खरवडून काढा, तोच कडवट लागतो. लवंगा संत्र्याच्या सालीत टोचा. कॉफी सोडून बाकी सगळं मंद आचेवर बोटाला कोमट लागेल इतकंच तापवा, गॅस बंद करा, मग लांब काडीने पेटवा. साल काट्याने उंच धरून जळती ब्रँडी पळीने तिच्यावरून सोडायची; निळी ज्योत सालीच्या वेटोळ्यांवरून घरंगळत खाली येते. खरी गंमत तिथेच! शेवटी ३५० मिली गरम, कडक कॉफी कडेने ओता, ज्योत विझते. कॉफी आधीच घातलीत तर मिश्रण पातळ होऊन पेटणारच नाही.

बाटलीतून थेट ज्योतीवर ओतू नका. झाकण हाताशी ठेवा.

हे पेय अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सचं. १८४० साली सुरू झालेल्या आंत्वान्स रेस्टॉरंटच्या ज्यूल अल्सियातोर यांना त्याचं श्रेय देतात. तिथे चिकोरीची कॉफी रुळलेली, त्यामुळे आपली चिकोरीवाली फिल्टर कॉफीही चालेल.