विचारा तर खरं : सुनेबरोबर राम मारुती रोड

प्रश्न : मी ऐरोलीला राहते, वय 63. सून बंगळुरूला नोकरी करते, सध्या पंधरा दिवस आमच्याकडे आहे. तिला ठाण्याच्या राम मारुती रोडवर खरेदी करायची आहे आणि मग कॅफेत बसायचंय. 'आई, तुम्हीपण चला' म्हणून मागे लागलीय. मलाही एका साडीवर ब्लाउजपीस हवाच आहे. पण गुडघे कुरकुरतात, आणि कॅफेतल्या त्या पाटीवरचं मला ओ की ठो कळत नाही. जाऊ का?
— एक सासूबाई

उत्तर : वहिनी, सून आपणहून बोलावतेय आणि तुम्ही मला विचारताय? जा!

लोकलनेच जा. ऐरोली ते ठाणे, मध्ये एकटं दिघा गाव. ठाण्याला सरकते जिने आहेत, त्यामुळे गुडघ्यांचं निम्मं काम तिथेच वाचतं. पश्चिमेला बाहेर पडलात की पुढे चालत दहा-पंधरा मिनिटं. नाहीतर रिक्षा करा.

पण निघा लवकर, चारपर्यंत पोचा. मी नौपाड्यात 31 वर्षं राहते, माझं ऐका. सहानंतर त्या रस्त्यावर दुचाकी, रिक्षा आणि आपण सगळे एकाच पट्टीत चालतो. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. तुमचा ब्लाउजपीस उजेड असतानाच घ्यायला हवा.

मी एकदा मोरपिशी साडी घेऊन रात्री आठला मॅचिंगच्या दुकानात गेले होते. ट्यूबलाइटखाली कापड असं काही जुळलं की वाटलं, एकाच ठाणातलं आहे. सकाळी गॅलरीत दोन्ही शेजारी धरलं तर साडी हिरवी आणि ब्लाउज निळा! दुकानदार बिचारा काय करणार, मापून कापलेलं कापड परत कोण घेतो? दोन कापडांचे रंग वेगळ्या रसायनांचे असले की एका उजेडात जुळतात आणि दुसऱ्यात फारकत घेतात. तेव्हा कापायच्या आधी 'जरा बाहेर बघते हं' म्हणायचं आणि थेट उंबऱ्यावर यायचं. ते रागवत नाहीत, त्यांना सवय असते. साडीच घेऊन जा, मोबाइलमधला फोटो नको, तो रंगाला हमखास दगा देतो. आणि जुळवताना साडीची आतली घडी उलगडा. वरची घडी कपाटात राहून विटलेली असते. टू बाय टू (ते ब्लाउजचं सुती कापड) घेतलात तर शिवायला टाकण्याआधी रात्रभर पाण्यात ठेवा. कापड किती लागेल ते आपल्या शिंप्याला आधीच विचारून निघा. साधारण 80 सेंटिमीटर म्हणतात, पण लांब बाह्या हव्या असल्या तर मीटरभर लागतं.

फॉल-पिकोचंही काम असेल तर ते सगळ्यात आधी टाका. घाईचं आहे म्हटलं तर काही जण परतेपर्यंत देतात.

मग सुनेची दुकानं. तिथे तुम्ही स्टूल मागून बसा आणि विचारलं तरच मत द्या. (हे मी माझ्या सुनेकडून शिकले, फुकट नाही.)

आता कॅफे. उंच स्टुलांची जागा सोडा, पाठ टेकेल अशी खुर्ची बघा. पाटीला घाबरू नका. एस्प्रेसो म्हणजे घोट-दोन घोट कडक कॉफी, बाकी बरीचशी नावं तिच्याचवर बेतलेली. तिच्यात गरम पाणी घातलं की अमेरिकानो, म्हणजे आपली कोरी. भरपूर फेस आला की कापुचिनो. फ्लॅट व्हाइटमध्ये दूध जास्त, फेस कमी; घरच्या कॉफीच्या जवळची तीच, तुम्ही ती मागा. कोल्ड ब्रू मात्र पूड थंड पाण्यात तासन्‌तास भिजवून करतात, ती सुनेला घेऊ दे, तुम्ही एक घोट चाखा. साखर यांतल्या कशातच नसते, वेगळी मागायची.

बिल आलं की चष्मा लावून वाचा. जीएसटी द्यावाच लागतो. पण 'सर्व्हिस चार्ज' दिसला तर 'काढा' म्हणायचं. तो आपोआप लावायचा नाही, असं ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022 मध्येच सांगितलंय, आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही ते उचलून धरलं. हे तुम्ही सुनेसमोर बोललात की ती तुमच्याकडे वेगळ्याच नजरेने बघेल.

पाय दुखलेच तर तलावपाळीवर बसा, गडकरी रंगायतनच्या बाजूला. पाण्यावरून वारा येतो आणि भेळवाले आपणहून विचारतात.

प्रश्न : आम्ही घोडबंदर रोडवरून कारने येतो. नरकचतुर्दशीच्या सकाळी राम मारुती रोडवर खरेदी केली तर चालेल का?
— एक वाचक

उत्तर : एरवी गावदेवी मैदानाखालच्या भुयारी वाहनतळात गाडी लावा आणि पुढे चाला. त्या सकाळी मात्र दिवाळी पहाट असते. नऊवारी, कुर्ते, ढोल आणि सेल्फी यांच्यामध्ये दुकानाची पाटीसुद्धा दिसत नाही. मुलांना घेऊन रिकाम्या हाताने या. पिशव्या आदल्या आठवड्यात.