ट्रिगरमधले दहा मिलिसेकंद

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे, वडिलांचे शिवाजी उद्यमनगरात लेथचे वर्कशॉप आहे. घरी लिनक्सवर जुन्या पीसीआय साउंड कार्डाने मी तबल्याचा रियाज ध्वनिमुद्रित करतो. रेकॉर्डिंग सुरू होताना 'टक्' असा आवाज येत असे. कार्डाच्या अल्सा (लिनक्सची ध्वनिप्रणाली) ड्रायव्हरमध्ये एका विकसकाने सुचवलेला बदल लावला आणि तो आवाज गेला. या बदलात ट्रिगर फंक्शनमध्ये, म्हणजे ध्वनिप्रवाह (स्ट्रीम) सुरू-बंद करणाऱ्या भागात, १० मिलिसेकंद थांबणारी एकच ओळ आहे. त्यावर मी 'रिव्ह्यूड-बाय' (बदल तपासल्याची नावासह नोंद) द्यावे, अशी त्याची विनंती आहे. द्यावे का?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : आज देऊ नये. आपण बदल लावून पाहिला आहे, तेव्हा 'टेस्टेड-बाय' आपण प्रामाणिकपणे देऊ शकता आणि त्याचे मोल कमी नाही, कारण असे जुने कार्ड हाताशी असणारे फार थोडे असतात. 'रिव्ह्यूड-बाय'चा अर्थ मात्र वेगळा आहे: कोड वाचला, समजला आणि त्यात गंभीर तांत्रिक दोष उरलेला नाही, असे आपले मत त्यातून नोंदले जाते. एक नग नीट बसला म्हणून वडील पुढच्या सगळ्या नगांना माप न घेता पास करत नसतील.

दोष त्या एका ओळीतच आहे. ड्रायव्हरने 'नॉनॲटॉमिक' हा, म्हणजे ट्रिगरमध्ये झोपण्याची (प्रोसेसर इतर कामांना सोडून थांबण्याची) मुभा देणारा, पर्याय निवडलेला नसेल, तर अल्सा ट्रिगर फंक्शनला बोलावते तेव्हा स्ट्रीमचे कुलूप, म्हणजे स्पिनलॉक, लावलेले असते आणि त्या प्रोसेसरवरचे इंटरप्ट (हार्डवेअरकडून येणारे तातडीचे इशारे) बंद असतात. अशा वेळी झोपी जाणारे फंक्शन वापरणे ही सरळ चूक आहे. तपासणीचे पर्याय चालू ठेवून कर्नल (लिनक्सचा गाभा) बांधला, तर तो लॉगमध्ये तशी तक्रारही करतो. न झोपता नुसते फिरत राहून वेळ काढणारे फंक्शन वापरले, तरी सुटका नाही. सेकंदाला ४८,००० फ्रेम (ध्वनीचे नमुने) आणि पिरियड, म्हणजे कार्डाच्या दोन इशाऱ्यांमधला तुकडा, २५६ फ्रेमचा धरला, तर एक पिरियड सुमारे ५.३ मिलिसेकंदांत संपतो. म्हणजे तो प्रोसेसर १० मिलिसेकंद अडून राहिला, तर त्याच्यावर अवलंबून असलेल्या दुसऱ्या कार्डाचे जवळजवळ दोन पिरियड निसटतील आणि आपल्याकडचा 'टक्' तिथे ऐकू येईल.

आवाज मुळात का येत होता, हे विकसकाने लिहिले आहे का, तेही पाहावे. कोडेकला (ध्वनीचे अंकांत रूपांतर करणाऱ्या चिपला) वीज मिळाल्यावर तो स्थिर होण्यास वेळ लागत असेल, तर वीज देणे आणि थांबणे ही दोन्ही कामे सुरू होण्याआधीची तयारी करणाऱ्या प्रिपेअर फंक्शनमध्ये हलवता येतील, कारण तिथे झोपण्यास हरकत नसते. मात्र प्रिपेअर पुन्हा पुन्हा बोलावले जाते, एक्सरननंतर (बफर वेळेत न हाताळल्याने पडलेल्या खंडानंतर) सावरतानाही; म्हणून वीज आधीच चालू असल्यास पुन्हा थांबावे लागू नये.

आपल्या चाचणीत एवढी भर घालावी: रेकॉर्डिंग अनेकदा सुरू-बंद करावे आणि संगणक सस्पेंड करून जागा केल्यावरही तेच करावे.

विकसकाला उत्तर लिहिताना 'हे चुकले' एवढेच न लिहिता, "ट्रिगर ॲटॉमिक असल्याने इथे थांबता येत नाही, प्रिपेअरमध्ये हलवलेली आवृत्ती पाठवल्यास मी याच कार्डावर पुन्हा तपासेन," असे लिहावे. ती आवृत्ती ओळ न् ओळ वाचून पटली, तर 'रिव्ह्यूड-बाय' निःसंकोच द्यावे. त्यासाठी पदवी हाती येण्याची वाट पाहण्याचे कारण नाही.